गादी वाढवा

अप्पांचं कार्ड गुरुवारी दुपारी आलं आणि दिवेलागणीच्या आत घरात दोन पक्ष पडले.

कार्डात तसं काही नव्हतं. नांदेडचे जावईबापू ईश्वरप्पा शाळामास्तर, त्यामुळे शाई आणि शब्द दोन्ही जपून वापरायचे. अप्पांच्या डोळ्यांवर पट्टी, म्हणून अप्पा सांगत होते आणि मास्तर उतरवून घेत होते. घरात बाळबोध लिपी सरळ वाचणारी एकटी धाकटी सून इंदूच, म्हणून सासूबाईंनी कार्ड तिच्या हातात दिलं. इंदूनं पदर सावरून वाचलं, "अनेक आशीर्वाद विशेष. डोळ्याचं काम नीट झालं. सोमवारच्या मोटारीनं येतो. तोवर गादी वाढवा. बाकी भेटीअंती."

"फिरून वाच की," थोरल्या जाऊबाई साखराबाई म्हणाल्या.

इंदूनं परत वाचलं. 'गादी वाढवा' या दोन शब्दांपाशी तिचा आवाज आपोआप थोडा चढला आणि ते साखराबाईंच्या कानातून सुटलं नाही.

इथं अप्पांच्या, म्हणजे माणिकप्पांच्या, जिभेबद्दल सांगायला हवं. बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. संध्याकाळी दुकान बंद करत नाहीत, तेही वाढवतात. हे साऱ्या मुलखाला ठाऊक आहे. पण अप्पांनी ही रीत पार टोकाला नेली होती. त्यांच्या तोंडून 'मोडलं', 'सरलं', 'तुटलं' हे शब्द उभ्या जन्मात कुणी ऐकले नव्हते. गाडीचं चाक वाढायचं, डब्यातला गूळ वाढायचा, वहाणेचा अंगठा वाढायचा. एका सालाला त्यांनी मुखेडच्या शेतावरून निरोप धाडला, 'ज्वारी वाढली'. थोरल्या लेकानं, वीरण्णांनी, आनंदानं वीस रिकामी पोती पाठवून दिली आणि शेतावरच्या माणसांनी चार दिवस तुरीच्या घुगऱ्या खाऊन काढले.

तर आता गादी वाढवा म्हणजे काय? उसवून नवी भरा, की रुंद करा?

गादी म्हणजे लातूरच्या गंजबाजारातल्या त्यांच्या आडतीची गादी. पांढरी चादर, तीन लोड. सकाळी दुकान उघडलं की अप्पा आधी गादीला हात लावून नमस्कार करत, मग चढत. ते बसत त्याच्या उजव्या अंगाला एक लोड कायम आडवा पडलेला असे, त्यामुळे गादीवर एकच माणूस मावतो असं सगळे धरून चालले होते. अप्पा गावाला गेले की त्यांच्या जागी वीरण्णा बसत, आणि जेवण झाल्यावर तिथंच घोरत. धाकटा बसवराज मात्र बारा वर्षं काट्यापाशी उभा. कापसाचं बोचकं तोला, भुईमुगाची पोती तोला, गाडीवानांशी हुज्जत घाला. हमालांनी त्याचं नाव पाडलं होतं 'उभे मालक'. लोक हसत, तोही हसे. संध्याकाळी घरी आला की त्याची पावलं सुजून वहाणेच्या पट्ट्यांचे वळ उठलेले असत आणि ते हसण्यासारखे नसत. इंदू रोज मिठाचं ऊन पाणी करून त्यात त्याचे पाय ठेवी. बारा वर्षं एकही दिवस चुकला नव्हता.

नांदेडला जाताना अप्पा म्हणाले होते, "दिसायला लागलं तरी मी आता घंटाभरच बसणार. गादीचं काय ते तिकडून कळवतो." आणि कळवलं ते हे असं.

"त्याच्यात काय कळायचं?" जेवायला बसल्यावर वीरण्णा म्हणाले. "अप्पांची भाषा हाय. गादी दबली, खड्डा पडला. उसवून पिंजून भरा म्हणून राह्यले. हाय तेवढीच भरायची."

"हाव," साखराबाईंनी भाकरी वाढता वाढता री ओढली. "जेवढी हाय तेवढीच."

इंदू भावजींशी समोरासमोर बोलत नसे. तिनं आपलं म्हणणं आमटीच्या पातेल्याला ऐकवलं. "आमच्या नांदेडात वाढवा म्हणजे मोठं करा. कार्डबी नांदेडहूनच आलंय."

"कार्ड नांदेडचं असंल, जीभ लातूरची हाय," साखराबाई म्हणाल्या. "आन् मोठी करून कुणाला निजवायचंय तिच्यावर?"

"निजतंय कोण, ते सगळ्या गंजाला ठावं हाय, आक्का."

बसवराजला ठसका लागला. वीरण्णांनी पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवला, पण मान वर केली नाही. सासूबाई कस्तुराबाई दाराशी बसून पान लावत होत्या. त्या कुठल्याच पक्षात नव्हत्या. त्यांनी एवढंच म्हटलं, "शनिवारी दस्तगीरला बोलवा. कुणाचं का खरं असंना, आधी उसवावं तर लागंलच की."

शनिवारी सकाळी दस्तगीर नदाफ खांद्यावर धनुष्यासारखं पिंजण घेऊन परसात हजर झाला. या घरच्या गाद्या त्याच्या बापानं भरल्या, आता तो भरत होता. बसवराज आणि हमालांनी दुकानातली गादी उचलून आणली आणि कडुनिंबाखाली टाकली. चादर काढल्यावर ती अगदीच केविलवाणी दिसली. जागोजाग ठिगळं आणि मधल्या टाक्यांचे दोरे लोंबत असलेले.

साखराबाईंनी दस्तगीरला डाव्या बाजूला बोलावून सांगितलं, "खोळ तीच. माप तेच. समजलं?"

इंदूनं त्याला उजव्या बाजूला गाठून सांगितलं, "दोन माणसं बसतील अशी करा, चाचा. एक हात तरी वाढवा."

दस्तगीरनं पिंजणाची ताणलेली तात बोटानं छेडून बघितली. "गादी एक, मालकिणी दोन," तो म्हणाला. "मी म्हातारा माणूस. मला तंट्यात घालू नका. आधी हिच्या पोटात काय हाय ते बघू द्या."

त्यानं दाभणानं टाके उसवायला सुरुवात केली. धूळ उडाली, कस्तुराबाईंना शिंका आल्या. खोळीचं तोंड उघडल्यावर त्यानं आत कोपरापर्यंत हात घातला, जरा थांबला, दुसऱ्या कडेनं घातला. मग डाव्या अंगाचा एक ढेकूळ बाहेर काढून इंदूच्या हातावर ठेवलं. पिवळट, घट्ट, वाळक्या भाकरीसारखं.

"हा बसलेला कापूस. तीस वर्षांचं वजन हाय ह्याच्यावर." मग उजव्या अंगाचा एक पुंजका काढला. तो तळहातावर ठेवल्याबरोबर वाऱ्यानं हलला. "आन् हा बघा. हा बी तितकाच जुना, मुखेडचाच गावरान. माझ्या बापानं भरलेला. पण ह्याच्यावर माणूस बसलाच न्हाई कधी."

"तिथं लोड असतो," वीरण्णा म्हणाले. ते शनिवारच्या नाष्ट्याला म्हणून घरी आले होते, ते अजून दुकानाकडं वळले नव्हते.

"लोड आडवा टाकलेला, मालक. लोडानं कापूस दबत न्हाई. ही गादी दोघांचीच हाय. अप्पा एका कडंला बसायचे, मधीबी न्हाई. बघा की खड्डा कुठं हाय."

सगळ्यांनी वाकून पाहिलं. खड्डा खरोखरच एका कडेला होता, कुशीवर निजलेल्या माणसाच्या जागेसारखा. उरलेली अर्धी गादी कोरी होती. इंदूला आधी आनंदच झाला. वादाचा निकाल तिच्या बाजूनं लागला होता. मग तिच्या ध्यानात आलं. बारा वर्षं तिचा नवरा ज्या जागेसाठी उभा राहिला, ती जागा रोज त्याच्यासमोर मोकळी पडलेली होती. तिनं बसवराजकडे पाहिलं. तो दस्तगीरनं काढलेला पुंजका हातात घेऊन उगाचच उलटसुलट करत होता.

"अव्वा," त्यानं आईला विचारलं, "कुणाची जागा व्हती ती?"

कस्तुराबाईंनी पानाचा डबा मिटला. आता त्यांना बोलणं भागच होतं. "तुमच्या थोरल्या काकाची. मलप्पाची. ही गादी त्या दोघांनी मिळून भरून घेतली व्हती. सहा महिने संगं बसले. मंग एका दिवशी भांडण झालं. काय झालं म्हणाल तर कुणी लोडाला टेकून बसायचं, एवढ्याच्यावरून. मलप्पा उठला, वहाणा घातल्या, म्हणाला 'बस तूच'. गेला तो गेलाच. त्या दिवशी यांनी त्याच्या जागेवर लोड आडवा टाकला. येईल तवा काढू म्हणाले."

"तीस वर्षं?" साखराबाईंना राहवलं नाही.

"एकतीस. मी दर दिवाळीला म्हणायची, पोरगं उभं हाय, लोड सारा. ते म्हणायचे, आन् दादा आला मंग? मंग मी गप बसायची."

दस्तगीरनं तेवढ्यात कापूस मोकळा करून ढीग लावला होता. दोन ढीग, एक पिवळा, एक पांढरा. त्यानं पिंजण टांगलं आणि विचारलं, "आता सांगा. खड्ड्याचा कापूस खड्ड्यात आन् कोरा कोऱ्यात भरू, का समदा एकात पिंजू?"

सगळ्यांनी कस्तुराबाईंकडे पाहिलं. कस्तुराबाईंनी वीरण्णांकडे. थोरला म्हणून बोलायचं त्यांनी होतं, आणि त्यांना बोलायचं नव्हतं हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. भला माणूस, पण गादीवरून उठायचं म्हटलं की त्याचे गुडघे दुखत.

"एकात," शेवटी बसवराजच म्हणाला. "कापसाला काय ठावं, कोण बसला आन् कोण न्हाई."

मग तँऽव तँऽव सुरू झालं. ठोकळा तातीवर आपटायचा, तात थरथरायची आणि ढेकळं विरून जायची. दुपारपर्यंत परसात गुडघाभर कापूस झाला. साखराबाईंच्या केसांवर, वीरण्णांच्या मिशांवर, सगळीकडे कापसाचे पुंजके. इंदूला हसू आवरेना. साखराबाईही हसल्या आणि मग आपण कुठल्या पक्षात आहोत ते आठवून थांबल्या.

भरायची वेळ आली तेव्हा खोळ पुरेना. दस्तगीरनं थर लावले, कडा दाबल्या, वरून गुडघा दिला, तरी चौथाई कापूस बाहेरच.

"हे कसं काय?" वीरण्णा म्हणाले. "ह्याच्यातूनच निघाला की समदा!"

"मालक, पिंजलेला कापूस फुगतो. उसवल्याबिगर गादी वाढत न्हाई आन् उसवली की वाढल्याबिगर राहत न्हाई. अप्पांनी बरोबर लिव्हलं."

वीरण्णांनी तोडगा काढला, "उरलेला काढून ठिवा. उशा करू."

आणि इथं साखराबाईंनी आपल्याच पक्षाचा घात केला. त्यांच्या हिशेबी नव्हतं ते, पण त्यांचा स्वभाव आडवा आला. घरातली काडी बाहेर जाऊ न देणारी ती बाई. "उशा कशापायी? घरात उशा काय कमी हायत? गादीचा कापूस गादीतच जाईल. सासऱ्याच्या हातचा हाय तो!" बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आपण काय बोललो. पण बोललेलं मागं घेतील तर त्या साखराबाई कसल्या.

"मंग कापड लागंल," दस्तगीर म्हणाला. "हातभर रुंद, गादीच्या लांबीचं."

लढाईचे दिवस. कापडाला कंट्रोल. जाड कापड बघायला मिळेना, तर विकत कुठलं. इंदू उठून आत गेली. तिच्या पेटीच्या तळाशी माहेरचं कापड होतं, नांदेडच्या गिरणीचं, निळ्या पट्ट्यांचं, लेकीच्या रुखवतातल्या गादीसाठी सात वर्षं जपलेलं. तिनं ते उचललं, नाकाशी धरलं, डांबराच्या गोळ्यांचा वास आला. लेक आठ वर्षांची आहे, तिच्या लग्नापर्यंत कंट्रोल उठेल, असं तिनं स्वतःला समजावलं. पुरतं पटलं नाही, तरी तिनं ते बाहेर आणून दस्तगीरच्या पुढं टाकलं.

साखराबाईंनी ते चिमटीत धरून पाहिलं. "जुनी खोळ तांबड्या पट्ट्यांची, हे निळं. जोड दिसंल."

"दिसू द्या, आक्का."

"चादरीखाली कोण बघतंय म्हणा," साखराबाई म्हणाल्या आणि स्वतःच सुईत दोरा ओवून जोड शिवायला बसल्या. टाका त्यांचा बारीक. जोड दुसऱ्या कुणाला शिवायला देणं त्यांच्या जिवावर आलं असतं.

सोमवारी मोटार दोन तास उशिरा आली. अप्पा उतरले. डोळ्यांवर हिरवी झापड, एका हातात काठी, दुसरा ईश्वरप्पांच्या खांद्यावर. घरी चला म्हटलं तर ऐकेनात. "आधी दुकान."

दुकानात बायका सहसा जात नसत. त्या दिवशी कस्तुराबाईच पुढं निघाल्या म्हणून दोघी सुनाही मागोमाग गेल्या आणि आतल्या दाराशी उभ्या राहिल्या. अप्पांनी वहाणा काढल्या. वाकून गादीला हात लावला, नमस्कार केला, आणि मग तसेच वाकून चाचपू लागले. एका कडेपासून दुसरीपर्यंत. हात गादीवर फिरत राहिला.

"माझा खड्डा कुठं गेला?"

इंदूनं दाराआडून सांगितलं, "वाढला, अप्पा."

अप्पांच्या तोंडावर हसू आलं. आपली भाषा आपल्याला कुणीतरी बोलून दाखवतंय हे त्यांना कळलं. हात तसाच उजवीकडे सरकला. "आन् दादाची बाजू?"

"ती बी वाढली," कस्तुराबाई म्हणाल्या. "समदं एकात पिंजलं. लोड मागं भिंतीला लावलाय."

अप्पा गादीच्या कडेवर टेकले. "बरं केलात. तेच लिव्हा म्हणलो व्हतो मास्तरांना. दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवर हिमायतनगरचा माणूस व्हता. गोष्टीत गोष्ट निघाली. दादा तिकडंच व्हता. बारकं दुकान काढलं व्हतं म्हणं. आठ वर्षं झाली..." शब्द त्यांना सापडेना. जन्मभर ज्या शब्दाला चुकवलं तो आता समोर उभा होता आणि 'वाढले' म्हणून भागण्यासारखं नव्हतं. "गेला दादा," अप्पा म्हणाले.

"डोळ्याला पाणी चालणार नाही, मामंजी," ईश्वरप्पा घाईनं म्हणाले. "डॉक्टरांनी बजावलंय."

"हे समदं कार्डात का न्हाई लिव्हलं, भावजी?" बसवराजनं विचारलं.

"कार्डावर जागा नव्हती," मास्तर म्हणाले. खरं तर अर्धं कार्ड कोरं होतं, ते इंदूनं पाहिलं होतं.

अप्पांनी झापडीखालून गाल पुसला. "जो यायचा नव्हता त्याच्यासाठी मी जागा धरून बसलो. आन् जो रोज येतो त्याला बारा वर्षं उभं केलो. बस्वा, कुठं हायस? वर ये. बस."

बसवराज वहाणा काढून चढला. बसला. पण त्याला बसताच येईना. पाय पुढं घेतले, मागं घेतले, मांडी घातली, सोडली. मांडी घालून व्यापार करायची सवयच नव्हती त्याला. तेवढ्यात बाहेर गाडी थांबली, गाडीवानानं हाळी दिली आणि बसवराज अर्धा उठला सुद्धा. अप्पांनी आंधळ्यासारखा हात पुढं करून त्याचा गुडघा दाबला.

"वीरण्णा," अप्पा म्हणाले, "काटा बघ. एक दिवस तू, एक दिवस हा. जो खाली असंल त्यानं तोलायचं, जो वर असंल त्यानं झोपायचं न्हाई."

आतल्या दाराशी इंदूनं पदर तोंडात धरला. हसू होतं की रडू, तिचं तिलाच कळेना. शेजारी साखराबाई ताठ उभ्या होत्या. वीरण्णा वहाणा शोधत होते. बराच वेळ शोधत होते.

त्या संध्याकाळी वीरण्णा घरी आले ते लंगडतच सरळ आत गेले. बसवराज मागून आला. पाय धुवायला ओट्यावर बसला तेव्हा इंदूनं वाकून पाहिलं. पावलांवर एकही वळ नव्हता. "पाठ मातर भरून आली," तो कुरकुरला. "बसणं सोपं न्हाई बघ."

"व्हय, लई कष्ट झाले असतील," इंदू म्हणाली.

एवढ्यात चुलीपाशी सावली पडली. साखराबाई हातात रिकामी बादली घेऊन उभ्या होत्या. इंदूकडे न बघता, कोनाड्यातल्या मिठाच्या बरणीकडे बघत त्या म्हणाल्या, "इंदू, पाण्यात मीठ किती टाकतीस गं?"

इंदू काहीतरी टोचून बोलणार होती. बारा वर्षांचं साठलेलं होतं. पण ते ओठापर्यंत येऊन परत गेलं.

"दोन मुठी, आक्का," ती म्हणाली आणि चुलीवरचं भांडं उतरवून तिनं त्यांच्या बादलीत ओतलं. पाणी तिनं सवयीनं तापवलेलंच होतं.